एकोणपन्नास सांगितलं, मुलीनं एकोणसाठ लिहिलं

प्रश्न: जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत रुजू होऊन मला दीड वर्ष झालं. पहिली-दुसरी माझ्याकडे आहे. प्रशिक्षणात ऐकलेलं बरंच काही करून बघावंसं वाटतं. पण सोबतचे गुरुजी 'नव्याचे नऊ दिवस' म्हणतात, पालकांना तो नुसता खेळ वाटतो आणि माझाही उत्साह दिवाळीपर्यंत टिकत नाही. वर्गात बदल घडवायची सुरुवात कुठून करावी? इतरांना सोबत कसं घ्यावं?

उत्तर:

उद्या दुसरीला दहा संख्यांचं श्रुतलेखन घ्या. छत्तीस, त्रेसष्ट, एकोणपन्नास, अठ्ठ्याहत्तर अशा मुद्दाम अडचणीच्या निवडा. तपासताना लाल पेन बाजूला ठेवा. ज्याचं चुकलं त्याला जवळ बसवा आणि एवढंच विचारा, 'हे कसं लिहिलंस, मला सांग ना.' तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या दहा-पंधरा मिनिटांत मिळेल. उरलेलं मी खाली लिहिते, पण ते कळायला मला वीस वर्षांहून जास्त लागली, आणि त्यातली बरीचशी चुका करण्यात गेली.

मी २००१ साली शिक्षणसेवक म्हणून लागले, महिना ३,००० रुपये मानधनावर. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली शाळा, दोन खोल्या, चार वर्ग. निम्मी मुलं बंजारा तांड्यावरची. दसरा झाला की पटावरची कितीतरी नावं आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून जायची, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परत. पहिली पाच-सहा वर्षं मी एकच औषध सगळ्या दुखण्यांवर दिलं: उजळणी लिहा. एक ते शंभर, रोज.

एकदा दुसरीतल्या एका मुलीला एकोणपन्नास सांगितलं, तिनं ५९ लिहिलं. त्या दिवशी का कोण जाणे, मी फुली मारायच्या आधी विचारलं. ती म्हणाली, 'बाई, तुम्ही पन्नास म्हणलात, म्हणून पाच. आन् एकोण म्हणजे नऊ.' मी बघतच राहिले. एकोणीसमध्ये नऊ, एकोणतीसमध्ये नऊ, एकोणचाळीसमध्येही नऊ. पोरीनं आपलं आपण नियम शोधून काढला होता, आणि एककापुरता तो बरोबरही होता. फक्त दशक एका घरानं सरकला होता. या मुलीला मी चार महिने 'लक्ष नसतं' म्हणत होते.

मग बाकीच्यांना विचारत सुटले. छत्तीसचे ६३ लिहिणारा मुलगा म्हणाला, 'छ आधी ऐकू आला.' त्याचंही खरंच आहे की. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. मुलानं शब्द ऐकायचा, पहिला भाग मनात धरून थांबायचं, दुसरा ऐकायचा आणि मग उलटं लिहायचं. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम या भाषांत दशक आधी बोलतात, तिथल्या मुलांना ही कसरत करावी लागत नाही. आपल्या मुलांना करावी लागते, आणि आपण ती त्यांना दाखवून न देता शंभर वेळा लिहायला लावतो.

मी काय केलं ते अगदी साधं होतं. खराट्याच्या काड्या सारख्या लांबीच्या तोडल्या, दहाचा गठ्ठा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रबरानं बांधला. सहा गठ्ठे, तीन सुट्या. आधी म्हणायचं 'साठ आणि तीन', मग म्हणायचं 'त्रेसष्ट', मग लिहायचं. दोन्ही नावं शेजारी शेजारी. दिवाळीपर्यंत उलटं लिहिणारी मुलं बोटावर मोजण्याइतकी उरली. हा काही माझा शोध नव्हे. दशक-सुट्टे प्रत्येक शिक्षकाला माहीत असतात. ते कुठल्या चुकीसाठी काढायचे, हे मला त्या दोन मुलांनी सांगितलं.

इथं २०१९ ची आठवण काढायला हवी. त्या वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' अशी वाचनाची रीत आली आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. विनोद झाले, अग्रलेख झाले, विधिमंडळातही विषय गाजला. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर शांतपणे कारणं सांगत होत्या: जोडाक्षरं, उलटा क्रम, लहान मुलांना वाटणारी भीती. मला त्यांचं म्हणणं पटलेलं होतं, कारण मी तेच काड्यांवर करत होते. तरीही माझ्या गावातल्या आज्या भडकल्याच. बाजारात 'सत्तावीस रुपये' म्हणतात, घरी आजी सत्तावीस म्हणते आणि पोरगं शाळेतून वीस सात घेऊन येतं. मग मी दोन आज्यांना वर्गात बोलावलं, काड्या पुढ्यात ठेवल्या आणि त्यांच्याच नातवंडांना त्यांना समजावून सांगायला लावलं. एक आजी म्हणाली, 'अगं, हे तर आमचं विसा-विसाचं मोजणंच झालं. तीन इसा आन् तीन.' अक्षरओळख नसलेली ही बाई साठ-तीन आयुष्यभर मोजत आली होती. त्यानंतर आमच्या गावात तरी तक्रार आली नाही. तेच पुस्तक, तीच पद्धत. फरक एवढाच की लोकांना ती आधी वर्तमानपत्रातून कळली होती, आता काड्यांवर दिसली.

आता माझ्या फसलेल्या गोष्टी. त्या तुमच्या जास्त उपयोगाच्या आहेत.

२२ जून २०१५ ला प्रत्येक मूल शिकावं म्हणून 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपल्या अनुभवातून आपलं ज्ञान स्वतः रचतं हा विचार, हा शब्द २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यापासून प्रशिक्षणात ऐकत होतो, पण आता तो प्रत्यक्ष बघायला मिळू लागला. साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळागटातल्या, शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक जात होते. आम्हीही गाडी करून गेलो. तिथं मुलं गटात बसलेली, शिक्षक त्यांच्यात जमिनीवर बसलेले, मुलं एकमेकांना शिकवत होती. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ते वर्षानुवर्षं खपून उभं केलेलं होतं. आम्ही काय आणलं? फोटो. परत आल्यावर पंधरा दिवसांत आमच्या वर्गाची फरशी ऑइलपेंटनं रंगवून टाकली. संख्यांची चौकट, बाराखडीचं चक्र, वर्तुळं. पाहुणे आले की मुलं त्या वर्तुळांत जाऊन बसायची. पाहुणे गेले की मी पुन्हा फळ्यावर, मुलं पुन्हा रांगेत. कुमठ्यात मला दिसलं नव्हतं ते हे, की तिथला शिक्षक गप्प किती वेळ बसतो. ते फोटोत येत नाही.

दुसरी फजिती प्रोजेक्टरची. शाळा डिजिटल करायची लाट होती. लोकवर्गणी काढली, गावानं पोटाला चिमटा काढून पैसे दिले. पहिल्या पावसाळ्यापर्यंत कविता-गाणी जोरात चालली. मग विजेचं बिल थकलं, जोडणी तुटली आणि प्रोजेक्टर कपाटात गेला. वर्गणी देणारा प्रत्येक माणूस मला बाजारात विचारायचा, 'बाई, ते यंत्र चालू हाय का?' मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. आमच्याच राज्यात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड चिकटवून मुलांना धडे घरी ऐकायची सोय केली, २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. पण त्यांच्याकडे आधी अडचण होती, मग कोड आला. माझ्याकडे आधी प्रोजेक्टर आला आणि त्याच्यासाठी अडचण शोधत बसले.

तुमचा उत्साह दिवाळीपर्यंत टिकत नाही असं तुम्ही लिहिलंत. मला विचाराल तर दोष उत्साहाचा नसावा, वेळेचा असावा. परिपाठ, हजेरी, खिचडीचा हिशोब, कुठली तरी ऑनलाइन माहिती 'आज दुपारी तीनपर्यंत', दोन वर्ग एकत्र. त्यात तुम्ही नवीन काहीतरी भर घालता. ते आधी तुमच्या डब्याच्या सुट्टीत जातं, मग तुमच्या घरच्या वेळेत जातं आणि मग बंद पडतं. म्हणून सुरू करायच्या आधी काय बंद करणार ते ठरवा. मी रोजची एक ते शंभर उजळणी बंद केली, तेव्हा काड्यांना वीस मिनिटं मिळाली. पहिलीत फळ्यावरचं उतरवून घ्यायचं थांबवलं, तेव्हा गोष्ट वाचून दाखवायला वेळ झाला. उजळणी बंद करताना मला भीती वाटली हेही सांगते. वह्या भरलेल्या नसतील तर तपासणीला काय दाखवायचं? मग मी आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर मुलाचं शिकणं बघत करायच्या, वर्णनात्मक नोंदी खऱ्याखुऱ्या लिहायला लागले. 'गणितात प्रगती चांगली' याच्याऐवजी 'एकोण आल्यावर पुढचा दशक लिहिते. गठ्ठे दिल्यावर बरोबर सांगते.' २०१० पासून या नोंदी आपण लिहितोय, बहुतेक वेळा एकाची बघून दुसऱ्याची. खरी नोंद असली की अधिकारीही त्यावर बोलतात, असा माझा अनुभव आहे. निदान वह्या मोजत नाहीत.

आता गुरुजी. तुमचे गुरुजी 'नव्याचे नऊ दिवस' म्हणतात त्याचा राग मानू नका. माझेही म्हणायचे. नोकरीत त्यांनी खडू-फळा मोहीम पाहिली होती, १९९५ चा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम पाहिला होता, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पाहिलं होतं, आणि निवृत्त होता होता निपुण भारतही आलं. प्रत्येक वेळी प्रशिक्षणात त्यांना सांगितलं गेलं की आजवर तुम्ही करत होता ते चूक. अशा माणसासमोर उत्साहानं उभं राहिलं की तो नऊ दिवस मोजणारच. मी दोन वर्षं त्यांना पटवत राहिले, उपयोग शून्य. मग एकदा माझी पहिली काही केल्या ऐकेना, म्हणून त्यांच्या वर्गात मागे जाऊन बसले. गुरुजींचा आवाज बसका, साहित्य काही नाही, पण गोष्ट सांगायला लागले की माशीचा आवाज ऐकू यावा. ऐन रंगात आल्यावर थांबायचे आणि विचारायचे, 'आता त्यानं काय केलं असंल?' चौथीची मुलं अंदाज करायची, कारणं द्यायची, भांडायची. प्रशिक्षणात ज्याला तीन दिवस घालवतात ते हा माणूस मोडक्या खुर्चीत बसून करत होता. मी त्यांना म्हटलं, माझ्या पहिलीला आठवड्यातून दोनदा गोष्ट सांगाल का? त्या वेळात तुमच्या चौथीचा भागाकार मी घेते. भागाकार त्यांना कंटाळवाणा वाटायचा. तिथून आमची अदलाबदल सुरू झाली. चौथीला मी गठ्ठे सोडून सुट्या करत भागाकार शिकवला, आणि सहा महिन्यांनी गुरुजींनी स्वतः रबरं मागून घेतली. 'ज्ञानरचनावाद' हा शब्द आमच्या दोघांत कधी आला नाही.

तांड्यावरच्या मुलांची गोष्ट याहून अवघड होती, आणि तिथं मी उशिरा जागी झाले. पहिलीतली ही मुलं गप्प असायची. मी समजत होते लाजाळू आहेत. एकदा भाकरीचं चित्र दाखवून विचारलं, हे काय? एक मुलगा 'बाटी' म्हणाला आणि मी 'नाही, भाकरी' म्हटलं. पुढं आईचं चित्र आलं तेव्हा तो बोललाच नाही. घरी तो आईला 'याडी' म्हणतो. शाळेत पहिल्याच आठवड्यात त्याच्या आईचं नाव चूक ठरणार होतं, मग तो कशाला तोंड उघडेल? मी चौथीतल्या एका मुलीला हाताशी धरलं. ती सांगायची, मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहायची: याडी, आई, बाटी, भाकरी. मुलांची गोरमाटी बोली देवनागरीत लिहिता येते म्हटल्यावर वाचायला शिकण्याची सुरुवात त्यांच्याच शब्दांपासून झाली. माझे उच्चार ऐकून ती मुलं खो-खो हसायची. बाईंचं चुकतंय आणि आपल्याला येतंय, हे त्यांच्या दृष्टीनं वर्षातलं सगळ्यात मोठं नवल होतं.

असं काही आपण पहिल्यांदा करतोय अशा भ्रमात मात्र मी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखायला जाणारी आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा. आपल्याकडं मूल येत नसेल तर पालकभेटीची नोंद करतात.

पालकांचं म्हणाल तर 'खेळच चालतो' ही तक्रार बोलून मिटत नाही. पालकसभा शाळेत दुपारी घेऊ नका, कोणी येणार नाही. आम्ही संध्याकाळी तांड्यावर सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढं घ्यायला लागलो. भाषण नाही. पालकांनी घरातला कुठलाही छापील किंवा लिहिलेला कागद आणायचा आणि मुलानं तो सगळ्यांसमोर वाचायचा. खताच्या पिशवीवरचा मजकूर आला, दवाखान्याची चिठ्ठी आली, लग्नपत्रिका तर ढिगानं आल्या. एका बापानं ऊसतोडीच्या मुकादमाकडची उचलीची, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांची, चिठ्ठी आणली. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामाआधी त्यांना उचल मिळते आणि ती काम करून फेडायची. त्याची चौथीतली मुलगी नाव वाचत गेली, रक्कम वाचली आणि मग खाली वाचलं, 'मागील बाकी.' बाप म्हणाला, 'किती?' तिनं आकडा वाचला. 'पुन्यांदा वाच.' तिनं पुन्हा वाचला, वरच्या रकमेत मिळवून एकूण सांगितली. तो काही बोलला नाही. चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. पुढच्या सभेला तो भावाला घेऊन आला, भावाच्या हातात त्याची चिठ्ठी होती.

पण ती मुलगी ऑक्टोबरात गेलीच. जाताना शिक्षण हमी पत्रक दिलं, ते तिकडच्या शाळेत दाखवलं की बसवून घेतात. दरवेळी तसं होतंच असं नाही. म्हणून जाणाऱ्या प्रत्येक मुलाबरोबर मी एक कापडी पिशवी द्यायला लागले: चार गोष्टींची पुस्तकं, एक कोरी वही, काड्यांचे गठ्ठे. तिकडं कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, राहायचं; आईबाप पहाटेच फडात जातात, मोठं भावंड लहानाला सांभाळतं. त्या मोठ्या भावंडानं लहानाला एक गोष्ट वाचून दाखवायची, एवढंच काम. बरीच पुस्तकं परत आली नाहीत. जी आली त्यांना पाचटाचा वास होता.

पुस्तकं द्यायला आमचे त्या वेळचे मुख्याध्यापक तयार नव्हते. ग्रंथालयाची पुस्तकं कपाटात कुलूपबंद, कारण फाटली तर जबाबदार कोण? मी वाद घातला नाही, कागदावर लिहून दिलं की फाटलेल्या पुस्तकांची भरपाई मी करीन. मग वर्गात सुतळी बांधली, कपड्याच्या चिमट्यांनी पुस्तकं टांगली, वहीत नोंद मुलांनीच ठेवायची. वर्षाअखेर जेमतेम डझनभर पुस्तकांची पानं सुटली होती. ती मुलांनी डिंकानं चिकटवली. पैसे भरायची वेळ आली नाही.

तुम्हाला एक विनंती. पहिलं वर्षभर यातल्या कशालाही 'उपक्रम' म्हणू नका, नाव देऊ नका, बॅनर लावू नका. नवोपक्रम स्पर्धेला मीही दोनदा अहवाल पाठवलेत. अहवाल फेब्रुवारीत लिहायला घेतला आणि मग त्यात शोभेल असं मार्चपर्यंत करत बसले. शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात फोटो टाकला की शेजारच्या शाळेला ती आपल्याशी चढाओढ वाटते. त्यापेक्षा शिक्षण परिषदेत, आसपासच्या शिक्षकांच्या बैठकीत, चहाच्या वेळी एखाद्याला विचारा, 'तुझी मुलं एकोणपन्नास कसं लिहितात रे?' तो उद्या नक्की बघेल.

माझी तिथून बदली झाली त्याला काही वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्याआधी त्या गावात एका लग्नाला गेले होते, शाळा सुरू होती म्हणून डोकावले. फरशीचा रंग पार उडालाय. प्रोजेक्टरचं कपाट तसंच आहे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात काड्यांचे गठ्ठे होते, रबरं नवी होती. सवयीनं मी एक गठ्ठा उचलून मोजला, तर नऊच काड्या. दुसरीतल्या पोराला म्हटलं, 'अरे, यातली एक पडली वाटतं कुठंतरी.'

त्यानं तो माझ्या हातातून काढून घेतला. चार पुरे गठ्ठे मांडले, पाचवा हा ठेवला. 'हा एकोणचा हाय,' म्हणाला. 'पन्नासला एक कमी. दुसऱ्या डब्यात टाकू नका, मॅडम रागावतात.'